वाटणीचा दावा आणि जज्जाची कारकीर्द

निवृत्त जज्जाचं नाव निघालं की लोक खुनाचे खटले आठवतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीच्या कोर्टांत मात्र जज्ज तयार होतो तो वाटणीच्या दाव्यात, तेही कागदावर निशाणी पडताना, म्हणजे त्याला पुरावा म्हणून क्रमांक मिळताना.

पायऱ्या ठाऊक आहेतच: सिव्हिल जज्ज, सीनियर सिव्हिल जज्ज, जिल्हा न्यायाधीश, निवृत्ती 60 व्या वर्षी. पहिल्या पायरीच्या परीक्षेत कन्नड-इंग्रजी भाषांतराची वेगळी प्रश्नपत्रिका असते, तेव्हा मराठी शाळेतून आलेल्यांनी तयारी तिथून सुरू करावी. सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निकालापासून 3 वर्षांची वकिलीही सक्तीची आहे.

दावा स्वस्तात दाखल होतो. जमीन एकत्र कब्जात आहे असं लिहिलं की कोर्ट फी जास्तीत जास्त 200 रुपये. उलटतपासात वादी बोलून जातो, ‘भाऊ बांधावर पाऊल ठेवू देत नाही’, आणि बाजारभावाने फी भरण्याचा मुद्दा उभा राहतो.

खरा पेच वाटणीपत्राचा. 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने कागद मराठीत, काही मोडीत. मूळ कागद नि.पी. 5 (वादीची निशाणी 5) झाला तर भाषांतर नि.पी. 5(अ). कागद 30 वर्षांहून जुना असून योग्य ताब्यातून आला असेल, तर सही-अक्षर खरं धरता येतं, मजकूर नव्हे. घाईत दोन्ही एकच समजले की निकाल अपिलात ढासळतो.

त्यानंतर स्टॅम्प. ‘आजपासून हा आर.एस. नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) तुझा, तो माझा’ असं लिहिलेला कागद स्वतःच वाटणी करतो. त्याला स्टॅम्प हवा, नोंदणीही हवी. ‘गेल्या दिवाळीत वाटून घेतलं, त्याची ही याद’ याला नोंदणी लागत नाही. भाषांतरात ‘घेतलं’चं ‘घेत आहोत’ झालं तर सगळा दावा फिरतो, म्हणून जज्जाने मूळ मराठी वाचून घेतल्याशिवाय निशाणी देऊ नये. कर्नाटक स्टॅम्प कायद्याच्या कलम 34 खाली स्टॅम्पची तूट भरून वर तिच्या 10 पट दंड. कोर्टाला सूट देता येत नाही. उलट, हरकतीविना निशाणी पडली की कलम 35 मुळे स्टॅम्पचा प्रश्न त्या दाव्यात पुन्हा निघत नाही. नोंदणीचा दोष मात्र तेवढ्याने बुजत नाही.

बहिणींना 2005 च्या दुरुस्तीने हिस्सा मिळाला, पण 20 डिसेंबर 2004 पूर्वीचं नोंदणीकृत वाटप अबाधित राहिलं. मागची तारीख घालण्याचा मोह इथलाच. तो पकडायला उतारा पुरतो: रकाना 9 मध्ये मालक, 12 मध्ये कसणारा, सोबत वर्दी, म्हणजे फेरफारासाठी दिलेली खबर. वाटप झालं म्हणतात आणि पुढची पंधरा वर्षं वडिलांचंच नाव चालतं, तर विचारायला नको?

प्राथमिक हुकूमनामा फक्त हिस्से ठरवतो, त्याने एक गुंठाही हातात येत नाही. शेती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 खाली महसूल खात्याकडे जाते, घर कोर्ट कमिशनरकडे. अंतिम हुकूमनाम्यासाठी ट्रायल कोर्टानेच पुढची तारीख लावावी, असं सर्वोच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये सांगितलं. तोवर वेगळा एफडीपी (अंतिम हुकूमनाम्याचा अर्ज) घालावा लागे आणि मूळ जज्जाची बदली होऊन गेलेली असे.

निवृत्तीनंतर अनेक जण लोकअदालतीत बसतात. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून जाणते जज्ज तडजोडपत्रात चतुःसीमा लिहून घेतात आणि मोजणीचा नकाशा जोडल्याशिवाय सह्या घेत नाहीत.