सोडले आहे

काल दुपारी दादाचा फोन आला आणि मी तो उचलला नाही.

हात ओले होते, हे खरं. पण ओल्या हातांनी मी बाकी सगळ्यांचे फोन घेतेच. दादाचं नाव दिसलं आणि मी फोन पालथा घातला. तो थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकत गेला, आणि मी नुसती बघत उभी. थांबल्यावर उलटून पाहिला तर काचेवर पाण्याचा एक थेंब बसलेला, आणि त्याखाली त्याच्या नावातला 'दा' फुगून मोठा दिसत होता.

तीनच आठवड्यांपूर्वी मी चर्चच्या उपासनेत उभी राहून साक्ष दिली होती. पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, फीत बोटाला गुंडाळत, आवाज कापत असताना, सगळ्यांसमोर म्हणाले होते की मी माझ्या भावाला क्षमा केली आहे, प्रभूने मला त्यातून सोडवलं आहे. मागच्या बाकावरच्या मावशींचे डोळे भरून आले. घरी येताना अंग इतकं हलकं वाटत होतं!

मग ती साक्ष खोटी होती का? कालपासून हेच चाललंय डोक्यात.

अकरा वर्षं मी मनातल्या मनात एक खटला चालवला. आंघोळ करताना, कपड्यांच्या घड्या घालताना. तो काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणेन, मग तो कसा गप्प होईल. रोज निकाल माझ्या बाजूने लागायचा आणि रोज सकाळी खटला पुन्हा उभा राहायचा. तो खटला बंद पडला, ही गोष्ट मी बनवून सांगितलेली नाही. प्रार्थनेत त्याचं नाव घेता येऊ लागलं, तेही खरं. मग काल हात मागे का आला?

आणि फोन त्याने का करावा, इतक्या सहज? त्याला कधी झोप लागली नाही असं झालंय का? आईच्या शेवटच्या महिन्यात रात्री कोण जागलं, आणि नंतर कागदांवर सह्या कोणी... जाऊ दे. हे लिहायला बसले नव्हते.

रात्री पवित्र शास्त्रातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढला. बेथेसदाचं तळं, त्याच्या पाच पडव्या आणि तिथे पडून असलेला, 38 वर्षं आजारी असलेला तो माणूस. पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा होतो, असं तिथे मानायचे. प्रभू त्याला विचारतो, तुला बरे होण्याची इच्छा आहे काय? एवढी वर्षं ही गोष्ट ऐकतेय, पण तो 'हो' म्हणतच नाही, हे काल पहिल्यांदा दिसलं. तो सांगतो की मला तळ्यात सोडायला कोणी नाही, मी जातो तोवर दुसराच आधी उतरतो. विचारलं काय आणि सांगतो काय! त्याची तक्रार खरीच असणार, 38 वर्षांत घासून घासून गुळगुळीत झालेली. माझीही खरी आहे. प्रभू त्याच्या तक्रारीला खोटं म्हणत नाही, आणि ती पुरती ऐकूनही घेत नाही. ऊठ, म्हणतो, आपली बाज उचल आणि चालायला लाग. ती बाज तिथेच टाकून जा, असं मात्र म्हणत नाही. ज्या बाजेवर तो इतकी वर्षं पडून होता, तीच खांद्यावर घेऊन त्याला लोकांमधून जावं लागलं. वर शब्बाथ दिवस, विश्रांतीचा, ओझं न उचलण्याचा, म्हणून बोलणीही खाल्ली.

मग प्रभूची प्रार्थना, येशूने शिष्यांना शिकवलेली, म्हणायला लागले आणि 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथे जीभ अडली. सोडले आहे. लहानपणापासून हे वाक्य एका दमात म्हणत आले, आणि काल त्या 'आहे'ची भीती वाटली. मत्तयाच्या शुभवर्तमानात असं आहे. मग लूकाचा अकरावा अध्याय उघडला. तिथे तीच प्रार्थना, पण 'क्षमा करतो' आहे. करतो. आज करतो, उद्या फोन वाजला की पुन्हा करतो. त्या 'करतो'पाशी मी बराच वेळ बोट ठेवून बसले. मग रडले, आणि बरं वाटलं.

साक्ष खोटी नव्हती, पुरी झालेली नव्हती. पूर्वी असा एक फोन मला चार दिवस पुरायचा, या वेळी एक रात्र लागली. त्या एका रात्रीबद्दलही मी प्रभूला धन्यवाद दिला. उरलेलं त्याच्याकडेच मागायचंय. माझ्याकडे ते नाही, हे अकरा वर्षांत पुरेसं कळलंय. पाळकसाहेबांना हे सांगायचं, मावशींनाही. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना थांबवू नये.

आज सकाळी दादाला लिहिलं, "काल फोन मुद्दाम घेतला नाही. संध्याकाळी सहाला करते." 'मुद्दाम' दोनदा खोडला. शेवटी ठेवला.

अर्ध्या तासाने त्याचं उत्तर आलं, एकच शब्द. "बरं."

सहा वाजत आलेत. हात कोरडे करून बसले आहे.