एका टिंबापायी तीन दिवस

सोलापुरात गड्ड्याची यात्रा ऐन भरात होती. घरचे रोज संध्याकाळी होम मैदानावर जाऊन येत होते आणि मी विजापूर रोडच्या घरात लॅपटॉपसमोर बसून एररची एकच लाल ओळ वाचत होतो. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

फ्लो सायटोमीटर, म्हणजे रंगवलेल्या पेशी लेसरसमोरून सोडून त्यांचा प्रकाश मोजणारं मशीन, पुण्यात. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने हेलपाटे झाले, स्टेनिंग, रन, गेटिंग (हव्या त्या पेशी प्लॉटवर निवडणं) सगळं पार पडलं. प्रबंधाचा कच्चा मसुदा बघून मॅडम म्हणाल्या, "कॉम्पेन्सेशनचा मॅट्रिक्स परिशिष्टात लाव. आणि तोच घेऊन आरमध्ये आकडे जुळतात का ते दाखव." कॉम्पेन्सेशन म्हणजे एका रंगाचा दुसऱ्याच्या डिटेक्टरमध्ये सांडलेला प्रकाश वजा करणं, आणि आर ही आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

मॅट्रिक्स बघायला अडचण नव्हती. गेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅम्पलशेजारच्या खुणेवर क्लिक केलं की तक्ता उघडतो: आडव्या ओळीत रंग, उभ्या रांगेत डिटेक्टर, कर्णावर सगळे 1. एफआयटीसी या रंगाचा किती प्रकाश पीई या दुसऱ्या रंगाच्या डिटेक्टरमध्ये सांडतो, ते तिथे दिसतं. एक्स्पोर्ट दाबलं, सीएसव्ही आली. ती आरमध्ये वाचून फ्लोकोर या पॅकेजचं कॉम्पेन्सेट चालवलं आणि एरर: मॅट्रिक्समधले पॅरामीटर डेटात नाहीत.

नाहीत कसे? डोळ्यांसमोर आहेत की! पहिला दिवस 'कॉम्प' या उपसर्गात गेला, म्हणजे सॉफ्टवेअर नावाआधी जोडतं ते. ते सगळीकडून काढलं. एरर तीच. दुसऱ्या दिवशी पॅकेज पुन्हा टाकलं, एफसीएस फायली (मशीनचा मूळ डेटा) पुन्हा मागवल्या, मित्राला फोन केला. तो म्हणाला, "स्पेलिंग बघ बे." एक्सेलमध्ये सीएसव्ही उघडून अक्षर न् अक्षर बघितलं, सगळं बरोबर. तिसऱ्या रात्री वैतागून दोन्हीकडची नावं आरमध्येच एकाखाली एक छापली. फाइलमध्ये 'एफआयटीसी-ए', माझ्या मॅट्रिक्समध्ये 'एफआयटीसी.ए'. हायफनच्या जागी टिंब! आरला हायफन म्हणजे वजाबाकीची खूण, म्हणून सीएसव्ही वाचतानाच तो कॉलमच्या नावातले हायफन गुपचूप बदलतो. एक्सेलमध्ये दिसणार कुठून? मूळ फाइल तर ठीकच होती. वाचताना 'चेक डॉट नेम्स' फॉल्स केलं की झालं. हे मदतीच्या पानावर लिहिलेलं आहे, मान्य. पण ते पान उघडायचं सुचायला आधी टिंब दिसावं लागतं ना.

मॅट्रिक्स लागला तरी प्लॉट वेडेवाकडे आले तर आकडे टक्क्यांत आहेत का बघा. कर्णावर 100 असेल तर सगळ्याला 100 ने भागा. कर्णाबाहेर बरेच आकडे ऋण असतील तर हातात सांडण्याचा मॅट्रिक्स नसून त्याचा व्यस्त आहे, तो तसाच कॉम्पेन्सेटला देऊ नका, ते स्वतःच उलटवतं. ओळी-रांगांची अदलाबदल झालीय का, हे एफआयटीसी आणि पीईवरून कळतं: साधारणपणे एफआयटीसी पीईमध्ये जास्त सांडतो, पीई एफआयटीसीमध्ये कमी.

खरं तर हे आधी सांगायला हवं होतं: एफसीएस 3.1 फाइलच्या टेक्स्ट भागातही 'स्पिलओव्हर' नावाने मॅट्रिक्स असू शकतो, आणि फ्लोकोर तो थेट काढून देतो. पण तो मशीनवर रन करताना ठरलेला. मी घरी सिंगल स्टेनवरून (एकाच रंगाने रंगवलेल्या नमुन्यांवरून) पुन्हा काढला होता, म्हणून परिशिष्टात माझाच लागणार होता. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवू नका, मी ठेवले होते.

परवा त्याच मित्राचा फोन. त्याचं मशीन स्पेक्ट्रल, म्हणजे प्रत्येक रंगाचा प्रकाश सगळ्या डिटेक्टरवर मोजणारं; अनमिक्सिंगच्या (रंग वेगळे काढण्याच्या) मॅट्रिक्समध्ये 14 ओळी, 64 रांगा. चौरसच नाही, व्यस्त निघेना म्हणून घाबरला होता. म्हटलं, निघणारच नाही, तिथे लीस्ट स्क्वेअर्स लावतात, म्हणजे कमीत कमी चूक राहील असं उत्तर काढतात. आणि नावं आरमध्ये छापून बघ बे, एक्सेलमध्ये नको.