बोड पाठवा

२३ जुलै २०२१, शुक्रवार. आदल्या दिवशी चिपळूण पाण्याखाली गेलं होतं आणि कोल्हापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती. मी पुण्यात, घरीच लॅपटॉप उघडून बसले होते. पीएचडीसाठी माझं काम २०१९ च्या महापुरावर चाललं होतं. सांगली-कोल्हापूरकडच्या मदतीच्या हाका ट्विटरवर कुणी टाकल्या, कुणी पुढे नेल्या आणि माणसं सुटल्यावरही त्या का फिरत राहिल्या, हे मी शोधत होते.

दुपारी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आत्याचा मेसेज आला. ‘शिरोळ तालुका. छतावर ७ माणसं, एक बाळंतीण. तातडीने बोड पाठवा.’ खाली गावाचं नाव आणि एक मोबाइल नंबर.

‘बोड’ वाचलं आणि माझा हात जागीच थांबला. ‘बोट’ लिहिताना झालेली ही चूक मी कितीतरी महिने रोज बघत होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवण्याचं काम, १९१९ ते १९६६ एवढी वर्षं चाललं, तिथे पंडितांनी हेच तत्त्व वापरलं होतं. दोन पोथ्यांत एकच चूक सापडली की त्या एका घराण्यातल्या असण्याची दाट शक्यता. माझ्या तक्त्यात ‘बोड’ ही चूक जशीच्या तशी उतरलेल्या ट्विटांचं असंच एक घराणं होतं. त्याचं मूळ ट्विट मात्र कोरं.

ते कोरं का, हे सांगायला हवं. ट्विटरच्या नियमाप्रमाणे संशोधकांनी ट्विटचे मोठे संच एकमेकांना मजकुरासकट द्यायचे नसतात, फक्त आयडी, म्हणजे प्रत्येक ट्विटचे ओळख क्रमांक द्यायचे. घेणाऱ्याने त्या क्रमांकांवरून मजकूर नव्याने मागवायचा. याला आम्ही ‘हायड्रेट करणं’ म्हणतो. लिहिणाऱ्याने मधल्या काळात ट्विट पुसलं असेल तर काहीच हाती येत नाही. नियम न्यायाचा आहे, माणसाला आपला शब्द मागे घेता येतो. मूळ ट्विट पुसलं की बटण दाबून केलेली रिट्विटंही त्याच्याबरोबर जातात. पण कुणी मजकूर कॉपी करून स्वतःच्या नावाने टाकला, किंवा स्क्रीनशॉट काढला, की ती प्रत सुटी झाली. मूळ कुठे आहे, ते अजून आहे की नाही, हे तिला ठाऊकच नसतं.

‘हायपरटेक्स्ट’, म्हणजे दुव्यांनी एकमेकांना जोडलेला मजकूर, हा शब्द अमेरिकी विचारवंत टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये आणला, तेव्हा त्यांच्या मनात वेगळंच होतं. उचललेला प्रत्येक तुकडा आपल्या मुळाशी बांधलेला राहील, वाचणाऱ्याला केव्हाही उगमापर्यंत जाता येईल, अशी त्यांची कल्पना होती. टिम बर्नर्स-ली यांनी वेब बांधलं ते एकतर्फी दुव्यांवर, म्हणजे आपल्याला कोण जोडलंय हे मूळ पानाला कळत नाही. १९९१ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला हायपरटेक्स्टची परिषद भरली होती. तिथे त्यांचा निबंध घेतला गेला नाही, नुसतं प्रात्यक्षिक दाखवता आलं. एकतर्फी दुवा सोपा होता, कुणाची परवानगी न घेता जोडता येत होता, म्हणूनच वेब जगभर गेलं हे मला मान्य आहे. पण नेल्सन यांचं म्हणणं माझ्यापर्यंत खऱ्या अर्थाने पोचलं ते त्या दुपारी, आत्याच्या मेसेजमधून.

ज्यांचा मजकूर आपण अभ्यासतो त्यांना संमतीशिवाय फोन करायचा नाही, हे मी लिहून दिलं होतं. तरी राहवेना. मेसेज जुना आहे हे मला कळत होतं, पण घर तेच आणि नदीही तीच. पुन्हा अडकले असले तर?

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

“ताई, बोटीचंच न्हवं? त्ये दोन वर्साखालचं हाय. आमी कवाच सुटलो.”

मी कोण, काय काम करते ते सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी मात्र बोलू दिलं, स्वतःही बोलले. ट्विट त्यांच्या पुण्यातल्या पुतण्याने टाकलं होतं आणि सुटका झाल्यावर त्यानेच काढलं. “पण पाऊस लागला की फोन सुरू. काल रातीपासनं मोजलंच न्हाईत. आई दचकून उठती, तिला वाटतं परत पानी आलं.” नंबर बदलावा तर बँक, डेअरी, सगळं त्याच्यावरच. आदल्या रात्री तर बोट घेऊन निघालेल्या काही पोरांना त्यांनी फोनवरूनच मागे फिरवलं होतं. ती बोट खरंच कुणाला हवी असेल, त्यांच्याकडे ती किती उशिरा पोचली असेल, हा विचार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

“आणि बाळंतीण?” मी विचारलं.

“सून माजी. नात पळती आता घरभर.”

त्या संध्याकाळी मी तक्ता उघडला. मूळ ट्विट पुसलेलं, म्हणून नियमाप्रमाणे माझ्याकडे नव्हतं. पण त्याच्या इतरांनी केलेल्या प्रती ओळीमागून ओळी होत्या आणि प्रत्येकीत तो नंबर. नियम क्रमांकापुरता बघतो; माणसाने मागे घेतलेले शब्द दुसऱ्याच्या क्रमांकाखाली तसेच राहतात. मी त्या सगळ्या ओळींतला मजकूर आणि नंबर काढून टाकला, फक्त वेळा ठेवल्या. मार्गदर्शक बाईंना फोनसकट सगळं सांगितलं. पाठभेदाचा, म्हणजे प्रतींमधल्या शब्दांच्या फरकांचा, पुरावा जाईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. गेला. प्रबंधात तिथे मी ‘एका कुटुंबाची हाक’ एवढंच लिहिलं आहे.

फोन ठेवण्याआधी मी विचारलं होतं, आत्ता तुम्ही कुठे आहात?

“जयसिंगपूरला, पावन्यांकडं. या खेपंला म्हशी घिऊन आदीच आलोय. तुमच्या गुरुपवर तेवडं टाका ताई.”

मी ग्रुपवर लिहिलं: ‘वरचा मेसेज २०१९ चा आहे. कुटुंब सुखरूप आहे. कृपया पुढे पाठवू नका, त्या नंबरवर फोन करू नका. २३ जुलै २०२१, दुपारी ४ वाजून १० मिनिटे.’ आत्याने आपला मेसेज काढला आणि तो तिला जिच्याकडून आला होता त्या मैत्रिणीला फोन लावला.