पी.टी.चा तास कोणाला उसना देऊ नका

माझी मुलगी पाचवीत होती तेव्हा तिच्या वेळापत्रकात बुधवारी आणि शुक्रवारी पी.टी.चा तास छापलेला होता. जूनपासून दिवाळीपर्यंत त्यांपैकी किती तास खरोखर मैदानावर झाले, हे आम्ही दोघींनी एका संध्याकाळी तिच्या वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिले. घटक चाचणीच्या आधीचे तास गणिताने घेतले होते, पावसाळ्यातले तास वर्गात बसून गृहपाठ पूर्ण करण्यात गेले होते, आणि वार्षिकोत्सवाच्या तालमी सुरू झाल्यावर ज्या मुलांना नाचात घेतले नव्हते त्यांना ग्रंथालयात बसवले गेले होते. अर्ध्याहून अधिक तास असे गेले. मुलीला त्यात काही वावगे वाटत नव्हते. पी.टी.चा तास कोणत्याही विषयाला उसना देता येतो आणि तो परत मागायचा नसतो, हे ती शाळेतच शिकली होती, आणि मला सर्वांत जास्त खुपले ते हेच.

पालकसभेत मी हा प्रश्न काढला तेव्हा तिच्या वर्गशिक्षिकांनी मला बाजूला घेऊन प्रांजळपणे सांगितले, "ताई, कोर्स का राहिला असे विचारायला रोज कोणीतरी येते. पी.टी. का झाली नाही असे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच." त्यांच्या या उत्तरावर मी बरेच दिवस विचार केला. गुणपत्रिकेवरच्या एकेका गुणासाठी आम्ही पालक शाळेत खेपा घालतो, पण आपले मूल दिवसभरात किती वेळ धावले, हे आम्ही घरीसुद्धा विचारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी, आठवड्याची सरासरी काढता, रोज किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल केली पाहिजे, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस त्यात दमवणारा व्यायाम आणि स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम असला पाहिजे. मध्यम हालचाल ओळखण्याची खूण सोपी आहे: मुलाला बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. ही ६० मिनिटे सलग असण्याची गरज नाही. मधल्या सुट्टीतली पंधरा मिनिटांची पकडापकडी, शाळेत भरभर चालत जाणे, संध्याकाळी दोरीवरच्या उड्या, हे सारे त्यात धरता येते. उड्यांना तर विशेष महत्त्व आहे, कारण हाडांवर भार आणि धक्का पडला की ती अधिक घट्ट होत जातात, आणि वयात येण्याच्या सुमाराची वर्षे ही हाडांची पुंजी साठवण्याची मुख्य वर्षे असतात. मोकळ्या हवेतल्या खेळाचा आणखी एक लाभ आम्हा घरच्या चष्मेवाल्यांना फार उशिरा कळला. मुले दिवसाच्या उजेडात जितका अधिक वेळ बाहेर असतात, तितकी त्यांना लघुदृष्टी, म्हणजे लांबचे धूसर दिसणे, लागण्याची शक्यता कमी होते. तैवानने याच कारणासाठी २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटे बाहेर घालवावीत असा कार्यक्रम हाती घेतला.

बडोद्यात राहून हे सारे परक्या देशांच्या अहवालांतून शिकावे लागावे, याचे मला वाईट वाटते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच शहरात जुम्मादादांच्या आखाड्यात राजरत्न प्रा. माणिकराव तयार झाले, एका मुसलमान उस्तादाची परंपरा त्यांच्या मराठी शिष्याने पुढे चालवली, आणि कुस्ती, मल्लखांब, लाठी यांबरोबर शेकडो मुलांनी एका ठेक्यात करायचा सामुदायिक व्यायाम इथे रुजला. आज ज्याला आपण कबड्डी म्हणतो त्या हुतूतूचे सुधारित नियम १९२३ मध्ये इथल्याच हिंदविजय जिमखान्याने प्रसिद्ध केले. माझे वडील दांडिया बाजारातल्या आखाड्यात मल्लखांब शिकले. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायचे आणि आखाड्यात जायचे, हा त्यांच्या घरातला नियम होता, आणि त्यासाठी त्यांना कोणी कधी प्रोत्साहन दिल्याचे त्यांना आठवत नाही. संध्याकाळी सगळी मुले तिथेच असत, म्हणून तेही असत.

"सगळी मुले तिथेच असत" या त्यांच्या वाक्यात मला माझ्या प्रश्नाचे उत्तर सापडले. मी मुलीला दोन वर्षे सांगत होते की मोबाइल ठेव आणि खाली जाऊन खेळ, आणि ती खाली जाऊन दहा मिनिटांत परत येत होती, कारण खाली कोणीच नसे. प्रत्येक घरातले मूल आपापल्या आईचे हेच वाक्य ऐकून वेगवेगळ्या वेळी खाली उतरत होते. मग आमच्या सोसायटीतल्या पाच घरांनी मिळून वेळ ठरवली: संध्याकाळी सहा ते सात. त्या तासात कोणाची ट्यूशन ठेवायची नाही, आणि पाळीपाळीने एका मोठ्या माणसाने खाली थांबायचे. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो तेव्हा हीच वेळ सकाळी साडेसहाची होते. जागा म्हणाल तर पार्किंगमधल्या दोन खांबांमधली. मांडवीतल्या मशिदीच्या आवारात खेळत इरफान आणि यूसुफ पठाण मोठे झाले, त्यामुळे जागा नाही ही सबब निदान बडोदेकरांनी तरी पुढे करू नये. आमची मुले तिथे सतोडियुं खेळतात, लंगडी खेळतात, थप्पो, म्हणजे लपाछपी, खेळताना जिन्यांवरून वरखाली धावतात. सतोडियुं म्हणजे आपली लगोरीच, पण माझ्या मुलांना लगोरी हे नाव आजोबांकडूनच कळले.

मोठ्यांनी खाली थांबण्याची कल्पना सुरक्षिततेसाठी निघाली होती, पण तिचा खरा परिणाम वेगळा झाला. माझे यजमान पहिल्या आठवड्यात खुर्ची टाकून बसत, दुसऱ्या आठवड्यात त्यांना लगोरीत घेतले गेले, आणि ज्या दिवशी ते खेळतात त्या दिवशी सात वाजले तरी कोणी वर जायला तयार नसते. याचा पडताळा आपल्याला दरवर्षी नवरात्रात येतो. एरवी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालायला कुरकुरणारी मुले शेरीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, गरब्यात दोन-दोन तास न थांबता फिरतात, घामाने चिंब होतात, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तयार असतात. तिथे त्यांना कोणी व्यायामाचे फायदे सांगत नाही. आई फेर धरते, मावशी धरते, शेजारचे काका धरतात, आणि मूल त्या फेरात आपोआप ओढले जाते. नऊ रात्री जे जमते त्याचा थोडा अंश उरलेल्या वर्षात आणणे मला अशक्य वाटत नाही.

मुलींबद्दल थोडे वेगळे बोलले पाहिजे. २०१६ च्या आकडेवारीवर आधारलेल्या एका जागतिक अभ्यासात ११ ते १७ वर्षांची ८१ टक्के मुले पुरेशी हालचाल करत नसल्याचे दिसले, आणि मुलग्यांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के तर मुलींमध्ये ८५ टक्के होते. पाचवी-सहावीच्या सुमारास मुली खेळातून एकेक करून बाजूला होतात, हे मी माझ्या मुलीच्या वर्गात डोळ्यांनी पाहिले. गणवेशाचा स्कर्ट घालून उडी मारायला त्यांना संकोच वाटतो, पाळी सुरू झाली की काही घरांत खेळच बंद होतो, आणि मैदानावर मोठ्या मुलग्यांचे क्रिकेट चालू असले की मुलींना कडेला बसायला सांगितले जाते. मुलीची हौस कमी झाली असे म्हणण्यापूर्वी तिला धावता येईल असे कपडे आणि जागा आपण दिली का, हे पाहायला हवे. पाळीच्या दिवसांत त्रास नसेल तर खेळायला हरकत नाही, हे आईने स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. मी ते माझ्या मुलीला सांगितले, तिच्या दोन मैत्रिणींच्या आयांशीही बोलले, आणि त्यांतल्या एकीने ते मानले.

शाळेशी वाद घालण्याऐवजी आम्ही अकरा पालकांनी सह्या करून एक अर्ज दिला. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान आणि प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य असले पाहिजे असे म्हटले आहे, याची त्यात आठवण करून दिली, पण मागण्या लहान ठेवल्या. चाचणीच्या आठवड्यातही पी.टी.चा तास कोणत्याही विषयाला देऊ नये. पाऊस असेल तर व्हरांड्यात सूर्यनमस्कार किंवा दोरीच्या उड्या घ्याव्यात. पी.टी.च्या दिवशी मुलींना पूर्ण दिवस ट्रॅकपँट घालू द्यावी. शिक्षा म्हणून मधली सुट्टी कापू नये. मुख्याध्यापिकांनी ट्रॅकपँटची मागणी त्याच दिवशी मान्य केली, व्हरांड्याची पुढच्या महिन्यात. मधल्या सुट्टीबद्दल शिक्षकांशी बोलू, असे त्या म्हणाल्या. चाचणीच्या आठवड्याबद्दल अजून लेखी उत्तर आलेले नाही.

मुलगी आता सहावीत आहे. या वर्षीच्या वहीचे मागचे पान तिने स्वतःच पहिल्या दिवशी आखून ठेवले. जुलैअखेर १३ पैकी १० तास झाले आहेत, आणि उरलेल्या तीन तासांबद्दल विचारायला आम्ही चौघीजणी सोमवारी शाळेत जाणार आहोत.