खिंडसीहून आलेली गाडी

२९ डिसेंबर २०१८ चा शनिवार नागपूरकरांच्या अजून लक्षात असेल. त्या पहाटे शहराचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते, आणि मे महिन्यात पंचेचाळिशी पार करणारा उन्हाळा सोसणाऱ्या आमच्या गावाला असल्या गारठ्याची सवय नव्हती. अमरावती मार्गावर वाडीला माझे वर्कशॉप आहे. बस आणि ट्रॅव्हल्सच्या गाड्यांचे एसी व वायरिंग हे माझे काम. हिवाळ्यात एसीचे काम थंडावलेले असते, म्हणून त्या दिवशी मी जरा उशिराच गेलो, तर शटरसमोर एक मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, उभी होती आणि तिच्या पायरीवर एक साठी ओलांडलेले गृहस्थ शाल गुंडाळून बसले होते.

गाडी त्यांनी जुनी विकत घेतली होती. जानेवारीत राष्ट्रीय महामार्ग ४४ ने थेट श्रीनगर गाठायचे, असा त्या दोघा नवरा-बायकोचा बेत होता आणि त्याची रंगीत तालीम म्हणून ते आदल्या रात्री रामटेकजवळच्या खिंडसी तलावाकाठी मुक्कामाला राहिले होते. गाडी आतून गरम ठेवायला गॅसवर चालणारी अमेरिकन बनावटीची फर्नेस होती. काकांनी तक्रार नेमकी सांगितली: पंखा फिरतो, पण वारा जोर धरत नाही, दाराजवळच्या व्हेंटमधून, म्हणजे हवा बाहेर पडण्याच्या झरोक्यातून, गरम झोत येतो, पलंगाकडच्या व्हेंटमधून जवळजवळ काहीच नाही, दहा-बारा मिनिटांनी ज्योत विझते, पंखा नुसताच फिरत राहतो, आणि थोड्या वेळाने ज्योत पुन्हा पेटते.

काकू आतूनच म्हणाल्या, "अन् माझं तं डोकं रात्रभर असं जड होतं जी, की शेवटी थोडी खिडकी उघडी ठेवून झोपलो आम्ही."

"कोणती खिडकी?" मी विचारले. त्यांनी पलंगाजवळची दाखवली.

मी बाहेरून त्या बाजूला गेलो. खिडकीच्या बरोबर खाली, दीड हातावर, फर्नेसचे धूर बाहेर टाकणारे तोंड होते आणि त्याच्याभोवतीच्या पांढऱ्या पत्र्यावर काजळीचा पंखा उमटला होता. बोट फिरवले तर बोट काळे झाले. नीट जळणाऱ्या गॅसची ज्योत निळी असते आणि ती काजळी धरत नाही. काजळी दिसली, की ज्योतीला हवा कमी पडते आहे आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड तयार होत असणार, असे समजूनच पुढे जावे लागते. या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. डोके जड होणे हे त्याचे पहिले लक्षण असू शकते. काकूंची डोकेदुखी त्यामुळेच होती असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, तो डॉक्टरांचा विषय आहे. पण मी आधी सिलिंडरचा कॉक बंद केला, दोघांना खाली मोकळ्यावर बसवले, आणि मला खात्री पटेपर्यंत या गाडीत कोणी झोपायचे नाही, हे स्पष्ट सांगितले. डोके दुखायचे थांबले नाही तर आधी दवाखाना, गाडी नंतर, हेही सांगितले.

या फर्नेसची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. तिच्यात १२ व्होल्टची एकच मोटर असते आणि तिच्या दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. एक पंखा खोलीतली हवा ओढून गरम धातूच्या पेटीवरून डक्टमध्ये, म्हणजे व्हेंटपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, ढकलतो. दुसरा बाहेरची हवा ओढून त्या पेटीच्या आत ज्योतीला पुरवतो आणि जळालेला वायू बाहेर टाकतो. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत. म्हणजे मोटर मंदावली की खोलीतला वारा तर कमी होतोच, पण त्याच वेळी ज्योतही गुदमरते. "वारा कमी" ही तक्रार म्हणूनच नुसती गैरसोयीची तक्रार नसते.

गॅसचा दाब आधी तपासून घेतला. गवंडी पातळी पाहायला वापरतात ती पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात नीळ घातलेले पाणी भरले आणि एक टोक गॅसच्या लाइनला जोडले. दोन्ही बाजूंच्या पाण्यात २८ सेंटीमीटरचा फरक आला. या फर्नेसला पाण्याचा ११ इंच, म्हणजे तेवढाच दाब लागतो. साबणाच्या पाण्याने सगळे जोड पाहिले, गळती नव्हती. गॅसचा विषय तिथेच संपला.

मग मल्टिमीटर. पंखा चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १२.२ व्होल्ट होते, आणि फर्नेसच्या टोकांवर १०.४. वाटेत १.८ व्होल्ट गायब! मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी फर्नेसच्या निगेटिव्हला लावली तर १.५ व्होल्ट दिसले. म्हणजे व्होल्टची बहुतेक सगळी घट निगेटिव्हच्या, ज्याला आम्ही अर्थ म्हणतो त्या, वाटेवर होती. ती वायर कुठे जाते ते चाचपडत मी गाडीखाली शिरलो. चासीला जिथे त्या वायरचा लग, म्हणजे टोकाचे धातूचे कडे, बोल्टने आवळला होता तिथे बोट टेकवले, आणि त्या गारठलेल्या लोखंडावर तेवढाच एक ठिपका चांगला कोमट लागला. पंखा साधारण सात अँपिअर घेत होता. त्या हिशेबाने दहा वॅटच्या आसपास उष्णता त्या एका बोल्टवर वाया जात होती. लग उघडला तर खाली रंग तसाच होता, आणि वायर दाबलेल्या जागी तांब्याला हिरवा थर चढलेला.

इथवर सगळे सरळ होते. पण लग हातात असतानाच मला एक गोष्ट खटकली: १०.४ व्होल्टवर ही फर्नेस पेटायलाच नको होती.

याचे कारण असे, की ब्लोअरच्या वाऱ्यात एक छोटा स्विच बसवलेला असतो, ज्याला सेल स्विच म्हणतात. होडीच्या शिडासारखी त्याची एक पातळ पत्री असते. ब्लोअरने आपल्या वेगाच्या साधारण तीन चतुर्थांश वेग गाठला की वारा ती पत्री ढकलतो आणि मगच ठिणगी व गॅसच्या व्हॉल्व्हपर्यंत करंट जाऊ शकतो. वारा अपुरा असेल तर ज्योत पेटूच नये, एवढ्यासाठीच तो आहे. मी काकांना विचारले, "यात आधी कोणी हात घातला होता का?"

"मागच्या हिवाळ्यात पंखा फिरायचा, पण पेटतच नव्हती," काका म्हणाले. "रस्त्यात एका कारागिराने दहा मिनिटांत चालू करून दिली. पार्टही लागला नाही."

फर्नेस बाहेर काढली, झाकण उघडले, आणि सेल स्विचच्या दोन्ही टोकांना जोडणारा चार बोटे लांबीचा लाल वायरचा तुकडा समोर दिसला. स्विच बायपास केलेला होता, म्हणजे करंट त्याला वगळून परस्पर पुढे जात होता. मी इतकी वर्षे काम करतो आहे. अडल्या गाडीला रस्त्यात कशीबशी चालती करून द्यावी लागते, हे मला चांगले ठाऊक आहे. पण माणसे ज्या बंद डब्यात झोपतात, तिथल्या सुरक्षेच्या स्विचला असा तुकडा लावणे मला कोणत्याही सबबीखाली मान्य नाही. मी तो कापला आणि काकांच्या हातात दिला. मग स्विच मीटरवर तपासला. तो पूर्णपणे चांगला होता. वर्षापूर्वी फर्नेस पेटायला नकार देत होती तो त्या स्विचचा दोष नव्हता. तो आपले काम करीत होता, आणि खराब अर्थ तेव्हापासून तसाच पडून होता.

धातूची पेटी टॉर्च आणि आरशाने सगळीकडून पाहिली. कुठे तडा नव्हता. तडा असता तर मी फर्नेस परत बसवलीच नसती. काजळी ब्रशने काढली, चासीचा रंग चकचकीत लोखंड लागेपर्यंत घासला, नवा लग दाबून बसवला. आता फर्नेसवर ११.८ व्होल्ट आले, पंख्याचा आवाज भरदार झाला, स्विचची पत्री स्वतःहून वळली आणि ज्योत निळी पेटली. काका उठून उभे राहिले. पण पंधरा मिनिटांनी ज्योत पुन्हा विझली आणि पंखा चालू राहिला.

हे लिमिट स्विचचे काम होते. पेटीजवळची हवा ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की तो गॅस तोडतो. म्हणजे पंखा जोरात होता, पण उष्णता पुढे सरकत नव्हती. नागपुरात हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही: कूलरची खस क्षाराने भरली की पंखा तितकाच फिरतो, खोलीत वारा मात्र येत नाही. संक्रांत जवळ आलेली असल्याने पतंगाचा कागद पलीकडच्याच दुकानात मिळाला. त्याची पट्टी मी प्रत्येक व्हेंटसमोर धरली. दाराजवळ ती आडवी झाली आणि थर्मामीटरने ७४ अंश दाखवले. पलंगाजवळ ती लटकतच राहिली, २४ अंश. मधले दोन व्हेंट काकांनी स्वतः बंद केले होते, तिथला वारा पलंगाकडे वळेल या समजुतीने. आतल्या हवेच्या जाळीवर उंदीर शिरू नयेत म्हणून कोणीतरी मच्छरदाणीचा कपडा ताणला होता, आणि गादी-रजयांच्या तंतूंनी तो पार गच्च झाला होता. पलंगाखाली पाहिले तर भांड्यांची लोखंडी पेटी चार इंची डक्टवर ठेवलेली, आणि डक्ट पोळीसारखा चपटा झालेला.

कपडा काढून तिथे मोठ्या छिद्रांची तारेची जाळी लावली. डक्टचा तो तुकडा बदलला, नवा टाकताना जास्तीची वेटोळी कापून तो ताणून सरळ नेला, आणि भांड्यांची पेटी दुसरीकडे हलवायला लावली. मधले व्हेंट उघडल्याने पलंगाकडचा वारा कमी होईल, ही काकांची शंका रास्त होती. प्रत्यक्षात दाराजवळ ५३ आणि पलंगाजवळ ४६ अंश आले, आणि पतंगाचा कागद चारही ठिकाणी आडवा राहिला. संध्याकाळी सहापासून सव्वासातपर्यंत फर्नेस फक्त बॅटरीवर चालवली. खोली हवी तेवढी गरम झाल्याचे थर्मोस्टॅटने सांगितले तेव्हाच ज्योत विझली, एरवी एकदाही नाही.

गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नव्हता. तो लागेपर्यंत फर्नेस पेटवून झोपायचे नाही आणि धुराच्या तोंडावरची ती खिडकी फर्नेस चालू असताना उघडायची नाही, एवढ्या दोन अटींवर मी गाडी दिली. काकूंचे डोके दुपारीच हलके झाले होते. त्यांनीच अलार्मची गोष्ट उचलून धरली. मागवलेला अलार्म आठवड्याभराने आला, मी तो पलंगाच्या उशाशी स्क्रूने बसवला, बटन दाबून त्याचा आवाज दोघांना ऐकवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी उत्तरेकडे निघाली.