आमचा १ ऑगस्ट

आमच्या वेळी १ ऑगस्ट म्हणजे शेंगदाण्यांची टरफलं. सभागृहात स्टूलवर लोकमान्यांचा हार घातलेला फोटो, बाहेर धो धो पाऊस, आणि पाचवीपासून नववीपर्यंतचा प्रत्येक वक्ता तीच टरफलं न उचलण्याची गोष्ट सांगणार. परीक्षक सरसुद्धा ओठ हलवून सोबत म्हणायचे. १९२० साली याच तारखेला सरदारगृहात टिळक गेले आणि भर पावसात चौपाटीवर त्यांना निरोप द्यायला मुंबई लोटली, हे मात्र मला शाळा सुटल्यावर कळलं.

आमची शाळा ठाण्यातली; वर्गातली निम्मी मुलं किसननगर, लोकमान्यनगर, सावरकरनगरची. लोकमान्यनगरात राहणारा मित्र टिळकांवर भाषण करायला उठला की मागून "घरचाच माणूस!" असा आवाज यायचा. यांतल्या बहुतेकांचे वडील वागळे इस्टेटीत, म्हणजे ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, कामाला. माझे बाबाही एका छोट्या कारखान्यात टर्नर होते. तिसरी पाळी असली की ते सकाळी घरी यायचे आणि आम्ही शाळेला निघायचो. हाताला कटिंग ऑइलचा वास असायचा. साबणाने तो जात नसे, आणि खरं तर आम्हाला तो नकोसाही वाटत नसे. इस्टेटीतले पत्ते अजूनही रोड नंबरवर चालतात. रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस. रस्त्यांना थोरामोठ्यांची नावं देणाऱ्या आपल्या राज्यात ही एक गंमतच.

तर या बाबांचाही १ ऑगस्टशी संबंध होता, आणि तो आम्हाला शाळेत कुणी सांगितला नाही. औद्योगिक विकासाचा कायदा १९६१ चा. त्यानुसार १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते, आणि समारंभ झाला तो वागळे इस्टेटीतच. जमीन घ्यायची, रस्ते, पाणी, वीज आणायची, प्लॉट पाडून कारखानदाराला द्यायचे, ही पद्धत पुढे खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात गेली आणि मग राज्यभर. बूटिबोरी असो की चाकण, गाडीतून एमआयडीसीची पाटी दिसली की मी शेजारच्याला "हे आमच्या ठाण्यातून सुरू झालंय" असं सांगतोच. शेजारी बहुधा झोपलेला असतो.

आता इस्टेटीत लेथपेक्षा लॅपटॉप जास्त. पासपोर्टसाठी गेलो होतो तेव्हा बाबांचा कारखाना जिथे होता तिथे काचेची इमारत दिसली. वाईट वाटलं म्हणावं तर बाबांनाच वाटलं नाही. "एसी आहे ना आत? बरंय," एवढंच म्हणाले.

अण्णाभाऊ साठे १ ऑगस्ट १९२० चे, वाटेगावचे; टिळक गेले त्याच दिवशी जन्मलेले. आमच्या स्टूलवर दुसऱ्या फोटोला जागा होती, पण तो कधी आला नाही. हल्ली बॅनरवर दोघं शेजारी शेजारी असतात. शाळेतही आता तसं होतं असं ऐकतो. फार उशिरा झालं, पण झालं.

या तारखेने शेवटचा दणका दिला तो २०१४ साली. १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि पालघर राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. त्याआधीच्या, २०११ च्या जनगणनेत आपला ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर, देशात पहिला. मोखाड्याच्या माणसाला कलेक्टर कचेरीत यायचं तर एका बाजूने शंभर किलोमीटरच्या वर एसटी. विभाजन व्हायलाच हवं होतं. माझा मामा वाडा तालुक्यातला. त्याचं शेत, कोलम भात, विहीर सगळं जागच्या जागी, जिल्हा तेवढा बदलला.

आम्हाला भूगोलाच्या बाईंनी जिल्ह्यातले तालुके तालावर पाठ करून घेतले होते, चुकलं की पहिल्यापासून. विभाजनाची बातमी आली त्या संध्याकाळी मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, बाई, तुमचे आठ तालुके गेले. पलीकडून क्षणभर काही नाही. मग तोच आवाज, "बरं, उरलेले सात म्हण बघू." पन्नाशीकडे झुकलेला मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून म्हणालो: ठाणे, कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर, उल्हासनगर... आणि अंबरनाथला अडकलो. बाई म्हणाल्या, "पहिल्यापासून."

— एक माजी विद्यार्थी, दहावी १९८४