तुम्ही विचारलंत म्हणून: झाडावर चढायच्या पायऱ्या मी घरी का बनवतो?

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत, हातात द्रोण घेऊन दरवर्षी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. "काका, तुम्ही हरणांच्या शिकारीला झाडावर चढता म्हणे, आणि पायऱ्यासुद्धा घरीच बनवता! ड्रॉइंग पाठवाल का?" विचारणारा बहुधा नुकताच पुण्याहून आलेला असतो, ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्यानं त्याच्या हातात धनुष्य दिलेलं असतं, आणि विकतच्या पायऱ्यांच्या किमती त्याच्या नजरेखालून गेलेल्या असतात. रांगेत मी "बोलू नंतर" म्हणून वेळ मारून नेतो. ते नंतरचं बोलणं आज एकदाचं लिहून टाकतो.

आधी ज्यांचा प्रश्न "अहो पण, हरणं मारता?" इथेच अडतो त्यांच्यासाठी. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हे बंद झालं ते योग्यच झालं. मी राहतो मिशिगनमध्ये. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं इतकी आहेत की गाड्यांशी त्यांच्या टकरीच वर्षाला पन्नास हजारांच्या वर होतात. लायसन्स लागतं, १९६० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्याला आधी सुरक्षेचा कोर्स करावा लागतो, आणि १५ नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम उघडतो तेव्हा कित्येक गावांत शाळांना चक्क सुट्टी असते. मी बंदूक वापरत नाही. माझा हंगाम धनुष्याचा, १ ऑक्टोबरपासून १४ नोव्हेंबरपर्यंत. आमच्या घरी मुलगा आणि मी खातो, बायको त्या दिवशी स्वयंपाकघरात येत नाही. असो.

धनुष्य म्हटलं की हरीण वीस-पंचवीस मीटरवर यायला हवं. जमिनीवर बसलात तर त्याला तुमचा वास येतो, हालचाल दिसते. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यानं त्याला जवळजवळ मागचंही दिसतं. म्हणून मचाण, इथल्या भाषेत ट्रीस्टॅंड. पुष्कळजण सहा-सात मीटर चढतात. मी चारवर थांबतो. त्याच्या वर जाण्यात फायदा थोडा आणि मिरवणं जास्त, असं माझं मत आहे. शेजाऱ्याला ते पटत नाही.

त्याच शेजाऱ्याच्या जमिनीवर एक जुना मेपल आहे. त्याच्या वडिलांनी कधीतरी त्यावर फळ्यांचे तुकडे खिळ्यांनी ठोकून शिडी केली होती. आज झाडानं त्या फळ्या अर्ध्या गिळल्यात, खिळे आत गेलेत. ते लाकूड आता आरागिरणीवाला घेणार नाही, कारण करवतीच्या पात्याला खिळा लागला की पातं गेलं. खिळ्यांनंतर आल्या स्क्रूच्या पायऱ्या, हातानं पिळून खोडात घुसवायच्या. सरकारी जमिनीवर त्यांना इथे बंदी आहे. झाडाच्या सालीखालच्या जिवंत थरात घुसेल असं काहीच चालत नाही. खासगी जमिनीवर चालतं, पण मी तिथेही वापरत नाही. ओक असेल तर वसंतात केलेल्या जखमेतून त्याला 'ओक विल्ट' ही बुरशी लागते. मधल्या एप्रिलपासून मधल्या जुलैपर्यंत ओकची फांदीसुद्धा छाटू नका असं इथलं वनखातं सांगतं. दुसरं कारण जास्त साधं आहे. तुम्ही घसरलात तर खाली ओळीनं लोखंडी आकडे वाट बघत असतात.

मी वेंगुर्ल्याकडचा. आमच्याकडे माडाला कोयत्यानं खाचा पाडतात, आणि पाडेली पायांत दोरीचा वळा अडकवून सरसर वर जातो. लहानपणी मी त्याच्या मागून तीन-चार हात चढायचो. तो म्हणायचा, "हात सुटलो तरी चलात, पाय सुटूक नये." माडाचं खोड एकसारखं असतं, आणि पाडेली अनवाणी असतो. मी नोव्हेंबरात, पहाटे साडेपाचला, उणे तापमानात, दीड किलोचे बूट घालून, दवानं गोठलेल्या सालीवर चढतो. त्याची विद्या मला तिथे पुरली नाही, पण त्याचं वाक्य डोक्यात राहिलं आणि त्याचा मी चुकीचा अर्थ लावला. पाय ठेवायची जागा मजबूत केली की झालं, असं मी धरून चाललो.

म्हणून पहिला संच भक्कम होता. टू-बाय-फोर, म्हणजे इथल्या बांधकामातल्या नेहमीच्या जाड पट्टीच्या, लाकडाचा अर्धा मीटर लांब उभा तुकडा, वर एक आणि खाली एक आडवी पायरी, आणि बरोबर मध्यावर रॅचेटचा (दातेरी कळीनं आवळायचा) पट्टा, खोडाभोवती आवळलेला. असे तुकडे खोडावर एकावर एक बांधत वर जायचं. गॅरेजमध्ये मी त्यावर उड्या मारल्या. कुरकुरसुद्धा नाही. झाडावर चौथ्या तुकड्याच्या वरच्या पायरीवर डावा पाय ठेवला, तो टोकाकडे पडला, आणि सगळा तुकडा खोडाभोवती फिरला. मोडलं काहीच नाही. लाकूड शाबूत, पट्टा शाबूत, फक्त पायरी जिथे होती तिथे नव्हती. कमरेचा पट्टा खोडाभोवती टाकलेला होता म्हणून मी हातभर खाली येऊन खोडाला चिकटलो. गालाची साल निघाली. घरी सांगितलं, फांदी लागली.

नोकरीत मी आयुष्यभर गाड्यांच्या सुट्या भागांचं 'एफएमईए' केलं. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही कारखान्यातल्या माणसाला ते माहीत असेल: भाग किती टिकेल हे नंतर, तो कशाकशानं दगा देईल आणि दिल्यावर काय होईल हे आधी. ऑफिसात ब्रॅकेटसाठी चाळीस ओळींचा तक्ता भरणारा माणूस स्वतःच्या पायरीसाठी एक ओळ लिहीत नाही! त्या रात्री बसलो आणि लिहिलं. तुटणं ही सगळ्यात दुर्मिळ गोष्ट निघाली. फिरणं, घसरणं, वरून सुटून बाहेर येणं, पाय निसटणं, आवाज करणं, हे सगळं तिच्या आधी.

आता खरं ड्रॉइंग म्हणाल तर ते एवढंच. पायरीवर तुमचं वजन खोडापासून साधारण १५ सेंटिमीटर बाहेर पडतं. त्यामुळे तुकड्याचं वरचं टोक झाडापासून सुटायला बघतं आणि खालचं झाडात रुतायला. कपडे-बुटांसह मी ९० किलो. पट्टा वरच्या पायरीच्या लगेच खाली, म्हणजे खालच्या टेकूपासून (तुकडा खोडाला खाली जिथे टेकतो तिथून) ४५ सेंटिमीटरवर बांधला, तर वरचं टोक धरून ठेवायला पट्ट्यावर येणारी ओढ ९० गुणिले १५ भागिले ४५, म्हणजे ३० किलो. तोच पट्टा मी मध्यावर बांधला होता, २२ सेंटिमीटरवर. ओढ दुप्पट, आणि वरचं टोक मोकळं! शाळेतल्या तरफेचं गणित, ते मी गॅरेजमध्ये उड्या मारून तपासत होतो.

फिरण्याचा इलाज वेगळा. सपाट फळी गोल खोडाला एकाच रेघेवर टेकते. एका बाजूला पाय पडला की फळी तिरपी व्हायला लागते, वरचं टोक एकीकडे सरकतं, खालचं दुसरीकडे. म्हणून वर आणि खाली इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचे टेकू हवेत, जे खोडाला दोन बाजूंनी कवेत घेतात. माझे टेकू १२ सेंटिमीटर रुंद आहेत, ॲल्युमिनियमच्या अँगलचे, कडा कानशीनं बोथट केलेल्या, म्हणजे साल पकडतील पण कापणार नाहीत. पट्टा आवळताना तुकडा हव्या त्या जागेपेक्षा दोन बोटं वर धरायचा आणि आवळून झाल्यावर दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून, खाली ओढायचा. तो 'बसला' की हाताला कळतं. जो बसत नाही त्यावर पाय ठेवायचा नाही.

पायऱ्या व्हाइट ओकच्या. लाकडाच्या रेषा पायरीच्या लांबीबरोबर धावायला हव्यात. आडव्या रेषांची पायरी बोल्टच्या भोकातून चिरते. वरून तागाची दोरी घट्ट गुंडाळलेली, कारण बूट निसटत नाही आणि धातूवर धातू वाजत नाही. हरणाला वाऱ्यातली फांदी मोडलेली चालते, 'टिंग' चालत नाही. असे पाच तुकडे, दहा पायऱ्या, ४५ सेंटिमीटरच्या अंतरानं. त्यातल्या शेवटच्या एक-दोन पायऱ्या मचाणाच्या वर जातात. हे फार थोडे लोक करतात. वरून खाली मचाणावर उतरायचं असतं. खालून मचाण धरून वर ओढून घ्यायचं नसतं. चढ-उताराच्या आणि पायरीवरून मचाणावर जायच्या त्या क्षणांतच बहुतेक माणसं पडतात, मचाणावर बसून नाही.

तपासणी कशी करायची हेही विचारता. तुकडा जमिनीपासून गुडघाभर उंचीवर बांधायचा आणि काँक्रीटच्या ३६ किलोच्या पिशव्या पायरीला टांगायच्या. मी आठ टांगतो, म्हणजे माझ्या वजनाच्या तिप्पट. रात्रभर तसंच. मग त्या सगळ्या पायरीच्या एकाच टोकाला. पहिला संच या दुसऱ्या परीक्षेत नापास झाला असता, पण ती परीक्षा मी घेतलीच नव्हती.

आणि आता जे घरी बनवत नाही ते. हार्नेस (अंगाला बांधायचे सुरक्षेचे पट्टे) नाही, कमरेचा पट्टा नाही, जीवदोर नाही. वायरमन खांबावर चढताना कमरेभोवती आणि खांबाभोवती पट्टा टाकतो तसा एक पट्टा जमिनीवरून पाय उचलायच्या आधीपासून. वर पोचल्यावर खोडाला बांधलेल्या दोरावर प्रूसिक गाठ (ओढ बसली की दोराला घट्ट धरणारी), डोक्याच्या उंचीवर, म्हणजे पडलो तरी झटका छोटा. ही गाठ सह्याद्रीत सुळके चढणाऱ्यांना ओळखीची आहे, कार्ल प्रूसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाच्या नावाची. हार्नेसमध्ये लटकून राहिलात तर मांड्यांतले पट्टे रक्त अडवतात, काही मिनिटांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून पाय टेकायला एक दोरीचा फास खिशात, आणि फोन छातीच्या खिशात, पाठीवरच्या पिशवीत नव्हे. धनुष्य घेऊन चढायचं नाही, वर गेल्यावर दोरीनं ओढून घ्यायचं. हे सगळं विकतचं, शिक्क्याचं, आणि पाच वर्षांनी बदललेलं. यामुळे घरच्या पायऱ्यांनी वाचवलेले पैसे केव्हाच संपतात. तसेही ते कधी वाचले नव्हते. ड्रिल प्रेस मी पायऱ्यांच्या नावावरच घेतलंय, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

झाडाबद्दल एकच. ॲश या जातीच्या झाडावर चढू नका. हिरवा चकचकीत 'एमराल्ड ॲश बोरर' हा किडा २००२ मध्ये आमच्याच भागात, डेट्रॉइटजवळ, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडला आणि त्यानं इथला ॲश संपवत आणला. मेलेला ॲश बाहेरून बरा दिसतो आणि आतून बिस्किटासारखा ठिसूळ असतो. अशा खोडावर माझं गणित, तुमचा पट्टा, कुणाचाही शिक्का काही कामाचा नाही. जिवंत, सरळ, मांडीपेक्षा जाड मेपल किंवा ओक शोधा. शॅगबार्क हिकरी दिसायला देखणी, पण तिच्या सालीचे पापुद्रे निघतात आणि पट्टा त्या सुट्या सालीलाच धरून बसतो.

तर ड्रॉइंग पाठवाल का? नाही. माझी मापं माझ्या वजनाची, माझ्या बुटांची आणि शेजाऱ्याच्या झाडांची आहेत, आणि तुम्ही ती छापून एखाद्या शनिवारी सपाट फळीवर उतरवाल अशी मला भीती आहे. गॅरेजवर या. पिशव्या तुम्ही उचला, चहा मी करतो. पहिला संचही तिथेच टांगलेला आहे, तो हातात घेऊन फिरवून बघा.

येताना मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलात तर उत्तम. तेव्हा मी पट्टे तपासतो. हंगाम संपला की सगळं उतरवतोच, पण मागच्या वर्षी एक तुकडा शेजाऱ्याच्या मेपलवर विसरला आणि उन्हाळाभर राहिला. झाड फुगलं, पट्टा ताणला, वर कुणा खारीनं कडेला दात लावले. पट्टा दिसायला नवा होता. त्याचे चार तुकडे केले आणि मग कचऱ्यात टाकला, नाहीतर कुणीतरी उचलला असता.